अनुभवपत्रात खरं काम लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या नोकरीविषयक पानावरच्या जाहिराती मी नेमाने वाचते. गोदामातला साठा सांभाळणं, ग्राहकांचे फोन घेणं, बिलं संगणकावर चढवणं अशा कामांनाही आता सर्रास पदवीची अट असते. शाखा कोणतीही चालते. म्हणजे उमेदवार कॉलेजात काय शिकला याच्याशी कामाचा संबंध नाही, हे जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरीही माझ्यासारखीचा अर्ज तिथेच अडतो. ऑनलाइन अर्जात तर शिक्षणाच्या रकान्यात पदवी निवडल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. अनुभवाचा रकाना त्या पुढच्या पानावर असतो.

घरच्या अडचणीमुळे मी शाळा संपताच कामाला लागले. गेली काही वर्षं एका गोदामात होते. सुरुवात माल उचलण्या-लावण्यापासून झाली. पुढे आवक-जावकीच्या नोंदी, मोजणी, पुरवठादारांशी बोलणं हे सगळं माझ्याकडे आलं. एकदा एका मालाचा हिशेब काही केल्या जुळेना. संगणकावर साठा जेमतेम दिसत होता आणि मांडणीवर खोकी ओसंडत होती. चोरी म्हणावी तर माल कमी हवा, इथे तो जास्त होता. मी जुन्या पावत्या काढून बसले. पुरवठादार खोक्यांनी माल पाठवत होता आणि आवक चढवणारा खोक्यांचा आकडा नगांच्या रकान्यात भरत होता. बारा नगांचं एक खोकं संगणकात एक नग होऊन बसलं होतं. त्यामुळे माल असूनही ‘संपला’ म्हणून नवी मागणी जात होती. त्या दिवसापासून प्रत्येक पावतीवर ‘खोकी की नग’ अशी खूण करायची पद्धत मीच पाडली.

नंतर तिथे पर्यवेक्षकाची जागा निघाली, पदवीधरांसाठी. नवा मुलगा आला, स्वभावाने चांगला. त्याला काम मी शिकवलं आणि महिन्याभरात माझी रजा तो मंजूर करू लागला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे, आणि हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

नोकरी सोडताना अनुभवपत्र मागितलं. बरेच खेटे घातल्यावर ते मिळालं. त्यात हुद्दा होता ‘हेल्पर’ आणि खाली एक ओळ, वर्तणूक समाधानकारक. साठ्याच्या नोंदी, मोजणी, नव्या माणसांना शिकवणं, कशाचाही उल्लेख नाही. विचारलं तर उत्तर आलं की नेमणूक ज्या नावाने झाली तेच लिहायचा नियम आहे. पदवी नसलेल्या माणसाकडे दाखवायला अनुभवपत्राशिवाय दुसरा कागद नसतो. त्यावरच चुकीचं काम लिहिलं तर इतक्या वर्षांची मेहनत पुढच्या मालकापर्यंत पोहोचतच नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येकांना एवढंही मिळालेलं नाही. कंत्राटदारामार्फत लागलेल्यांना तर आपला मालक नेमका कोण हेच सांगता येत नाही, मग पत्र मागायचं कोणाकडे?

मालकांचीही बाजू आहे, ती मी समजू शकते. एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो, प्रत्येकाची परीक्षा कोण घेणार? अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. उमेदवार कसा आहे हे मालकाला आधी कळत नाही, म्हणून पदवीकडे तो त्याच्या कुवतीची खूण म्हणून पाहतो. या धर्तीच्या कामासाठी स्पेन्स यांना २००१ मध्ये नोबेल विभागून मिळालं. पण मग दुसरी विश्वासार्ह खूण उपलब्ध झाली तर मालकाचंही भलंच आहे.

अटीचा कामाशी संबंध असावा, हे तत्त्व नवं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर’ या खटल्यात ते मान्य केलं. त्या वीज कंपनीने चांगल्या पगाराच्या विभागांसाठी शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राची अट घातली होती आणि कृष्णवर्णीय कामगार त्यामुळे मजुरीच्या विभागातच अडकून राहत होते. अट येण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार मात्र तीच कामं नीट करत होते, बढत्याही घेत होते. तो खटला वंशभेदाचा होता, माझी तक्रार त्या प्रकारची नाही, हे मला कळतं. पण अट घालणाऱ्याने तिचा कामाशी संबंध दाखवावा, हा न्यायालयाचा आग्रह मला आजही रास्त वाटतो.

नुसती अट काढूनही भागत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२३ च्या जानेवारीत सुमारे ६५ हजार सरकारी पदांसाठी पदवी लागणार नाही असं जाहीर केलं. बऱ्याच कंपन्यांनीही अशा घोषणा केल्या. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये पाहणी केली, तेव्हा या बदलाचा प्रत्यक्ष फायदा ७०० नेमणुकांत एकीलाही झालेला दिसला नाही. मला याचं नवल वाटत नाही. निवड करणाऱ्यासमोर दुसरा पुरावाच नसेल तर त्याची नजर पुन्हा पदवीवरच जाणार.

‘बाहेरून पदवी कर’ हा सल्ला मला घरी-दारी मिळतो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामात अभ्यासाची वेळ ठरवता येत नाही, आणि पगारातून फी भरून जे शिकायचं त्याचा रोजच्या कामाला उपयोगही नसतो. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्याने वेगळी वाट काढली आहे. तिथे कामाच्या अनुभवाचे पुरावे मांडून, परीक्षक मंडळासमोर बोलून, अनुभवाच्या बळावर पूर्ण पदविका किंवा पदवीही मिळवता येते. वर्गात बसण्याची सक्ती नाही. अशी सोय जिथे होईल तिथेही पहिला प्रश्न हाच येईल की केलेल्या कामाचा लेखी पुरावा कुठे आहे?

आणखी एक. पदवी नसलेल्यांची निकड हेरून ‘नोंदणी शुल्क भरा, नोकरी पक्की’ असं सांगणारे फार झाले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या कराराचा मूळ नियमच असा आहे की खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला कोणीही एक रुपया देऊ नये.

संपादक महोदय, आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. जाहिरात स्वीकारताना ‘प्रत्यक्ष काम काय’ असा एक रकाना भरून घ्यावा आणि तो छापावा. पदवीची अट असेल तर ती त्या कामाशेजारी छापली जाईल आणि वाचकांना ताडून पाहता येईल. दुसरं, अनुभवपत्रात प्रत्यक्ष केलेली कामं, त्यांचा कालावधी आणि हाताळलेली यंत्रं किंवा संगणकप्रणाली लिहिली जावी, यासाठी आपल्या वृत्तपत्राने कामगार खात्याकडे आणि उद्योजकांच्या संघटनांकडे पाठपुरावा करावा. अशा पत्राचा एक नमुना तयार करून आपण छापलात तर माझ्यासारख्या अनेकींना तो कापून मालकापुढे ठेवता येईल.

कळावे,
आपली एक वाचक