शरीरात राहिलेल्या गोळीची नोंद डिस्चार्ज कार्डावर हवी

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गोळीबाराच्या बातम्यांमध्ये ‘शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात डॉक्टरांना यश’ हे वाक्य इतक्या वेळा येते की, गोळी निघाली म्हणजे रुग्ण वाचला आणि ती आत राहिली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा लोकांचा पक्का समज झाला आहे. कोकणात अनेक वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम केल्यामुळे या समजाबद्दल, आणि त्याहूनही अधिक, गोळी आत असताना घरी गेलेल्या रुग्णांच्या कागदपत्रांबद्दल मला लिहावेसे वाटते.

गोळी जिवावर उठते ती प्रामुख्याने आत शिरताना, वाटेतल्या रक्तवाहिन्या आणि अवयव फाडत जाते तेव्हा. ती स्नायूत जाऊन थांबली की शरीर तिच्याभोवती तंतुमय आवरण तयार करते आणि बहुतेकदा ती तिथेच निरुपद्रवी पडून राहते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली, तेव्हा डॉक्टरांनी अस्वच्छ बोटे आणि उपकरणे जखमेत घालून तिचा वारंवार शोध घेतला. जंतुसंसर्गाने खंगून ते १९ सप्टेंबरला वारले. शवविच्छेदनात ती गोळी स्वादुपिंडाजवळ आवरणात बंदिस्त झालेली आढळली. उलट, १९६५च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर मणक्यात गोळी घेऊनच जगले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकून आले.

मात्र सांध्यात अडकलेल्या शिशाच्या गोळीचे किंवा छर्ऱ्याचे तसे नसते. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात शिसे हळूहळू विरघळते आणि रक्तात मिसळते. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत, ठासणीच्याही आहेत, आणि रानडुकराच्या मागावर गेलेल्या माणसाला दुसऱ्याचा छर्रा लागण्याचे प्रकार घडतात. अशाच एका वृद्ध शेतकऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्याचा एक्स-रे मी काढला होता. तरुणपणी लागलेल्या छर्ऱ्याचे बारीक कण होऊन सांध्याच्या आतल्या अस्तरावर पसरले होते आणि फिल्मवर सांध्याची कड पांढऱ्या रेघेने आखल्यासारखी दिसत होती. पोटदुखी, बद्धकोष्ठता आणि रक्तक्षय यांवर त्यांचे वेगवेगळे उपचार चालू होते. छर्ऱ्याबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते आणि तो सांगण्याजोगा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. शिशाच्या विषबाधेची ही लक्षणे गोळी लागल्यानंतर कित्येक वर्षांनीही दिसू शकतात. रक्तातील शिशाची तपासणी केली तर निदान होते, पण ती करायचे सुचण्यासाठी आत शिसे आहे हे डॉक्टरांना कळायला तर हवे!

दुसरा प्रश्न एमआरआयचा, म्हणजे शक्तिशाली चुंबकाच्या यंत्रात होणाऱ्या तपासणीचा आहे. शुद्ध शिसे किंवा तांबे चुंबकाकडे खेचले जात नाही; पोलादी छर्रा किंवा पोलादी गाभ्याची गोळी मात्र खेचली जाऊ शकते, आणि ती डोळ्यात, मज्जारज्जूजवळ किंवा मोठ्या रक्तवाहिनीलगत असेल तर परिणाम गंभीर होऊ शकतो. साध्या एक्स-रेवरून धातू शिशाचा की पोलादाचा हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेत एखादा तुकडा निघाला असेल, तर तो कोणत्या धातूचा होता याची नोंद रुग्णाला पुढे आयुष्यभर उपयोगी पडते.

आमच्या विभागात, भोकाची जागा फिल्मवर दिसावी म्हणून, जखमेच्या प्रत्येक भोकाशी चिकटपट्टीने पेपरक्लिप लावून समोरून आणि बाजूने अशा दोन फिल्म घेण्याची पद्धत होती. आत शिरलेली प्रत्येक गोळी एक तर दुसरे भोक पाडून बाहेर पडते किंवा आत राहते, म्हणून भोके आणि आत दिसणाऱ्या गोळ्या यांची बेरीज सम यावी लागते. विषम आली तर एखादी गोळी फिल्मबाहेर, क्वचित रक्तप्रवाहातून दूरही, गेलेली असू शकते आणि पुढचा भाग तपासावा लागतो. एवढ्या काटेकोरपणे मिळवलेली माहिती पोलिसांच्या कागदांत आणि रुग्णालयाच्या दप्तरात राहते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर ‘गोळीची जखम, उपचार करून घरी सोडले’ एवढेच लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे.

आरोग्य विभागाने डिस्चार्ज कार्डाच्या नमुन्यात यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, ही माझी विनंती आहे. आत किती तुकडे राहिले, ते नेमके कुठे आहेत, सांध्याला लागून आहेत का, धातू कोणता, आणि रक्तातील शिसे पुन्हा कधी तपासायचे, एवढे त्यात मराठीत लिहावे आणि सोबत एक्स-रेची प्रत द्यावी. ज्यांच्या अंगात जुना छर्रा आहे त्यांनीही एमआरआयच्या आधी आणि कारण न सापडणाऱ्या पोटदुखीच्या किंवा रक्तक्षयाच्या वेळी तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. गावठी बंदुकीची गोष्ट असेल तर पोलिसांच्या भीतीने लोक गप्प बसतात, हे मी जवळून पाहिले आहे. अशा रुग्णांना आधी उपचारांची खात्री देणे हे रुग्णालयांचे काम आहे, कारण तातडीचे उपचार कायदेशीर सोपस्कारांसाठी अडवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, सिंधुदुर्ग