मराठी लिहिणाऱ्यांनी कीबोर्ड कसा पारखावा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेले कीबोर्ड, आता सर्रास मिळू लागले आहेत, पण त्यांच्याविषयीचे सल्ले बहुतेक गेम खेळणाऱ्यांसाठी किंवा इंग्रजी टंकलेखनासाठी असतात. दिवसभर मराठी टाइप करणारे डीटीपी चालक, अनुवादक, न्यायालयातले लघुलेखक, कार्यालयातले लिपिक हा मोठा वर्ग आहे आणि त्यांची गरज वेगळी आहे. स्विच, स्प्रिंग, कीकॅप (कळीवरची टोपी) आणि कळांची कामे हवी तशी बदलता येणारा कीबोर्ड खरे तर याच वर्गाच्या सर्वांत जास्त उपयोगाचा आहे. मात्र निवड इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांची कीबोर्डवरची प्रमाण मांडणी, समोर ठेवून व्हायला हवी. त्यासाठी हे सविस्तर पत्र.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. इंग्रजीत मुख्यतः ‘पी’ आणि विरामचिन्हांपुरती लागणारी उजवी करंगळी इथे सतत राबते. ज, च, ट, ड, य ही पाचही अक्षरे तिच्याच वाट्याला येतात. शिवाय अ, आ, इ, ई, उ, ए हे सुटे स्वर डाव्या हाताच्या कळांवर शिफ्ट दाबून उमटतात, म्हणजे त्यांच्यासाठी उजवा शिफ्ट लागतो, तोही करंगळीनेच. ‘आणि’ हा शब्द टाइप करून पाहा. ‘आ’साठी उजवा शिफ्ट, ‘ण’साठी पुन्हा उजवा शिफ्ट, मग वेलांटी. मराठीत सतत येणाऱ्या या शब्दात तीनपैकी दोन अक्षरांना करंगळी ताणावी लागते. डाव्या हाताचे मधले बोटही असेच भरडले जाते, कारण काना, हलन्त आणि म तिन्ही त्याच्याकडे आहेत.

म्हणून पहिली गोष्ट आकाराची. १०४ कळांचा पूर्ण कीबोर्ड आणि आकड्यांचा भाग वगळलेला ८७ कळांचा, या दोन्हींत उजवा शिफ्ट लांब असतो. बाणांच्या कळा आत घुसवलेल्या ७५ आणि ६५ टक्के आकारांत तो आखूड होतो आणि त्याला चिकटूनच वरचा बाण येतो. करंगळी जरा बाहेर गेली की कर्सर वरच्या ओळीत जातो आणि पुढची अक्षरे भलत्याच ठिकाणी पडतात. मराठीसाठी माझी शिफारस ८७ कळांच्या कीबोर्डची. ४० टक्के प्रकारात चौकटी कंस, अवतरणचिन्ह अशा कळा बहुतेक वेळा नसतातच. इनस्क्रिप्टमध्ये तिथे ड आणि ट असल्यामुळे तो कितीही देखणा असला तरी मराठीच्या कामाचा नाही.

आता स्विच. चेरी कंपनीच्या रचनेचे पेटंट २०१४ च्या सुमारास संपले आणि गॅटेरॉन, काइल्ह वगैरेंचे त्याच मापाचे स्विच बाजारात आले. त्यामुळे आज एका कंपनीच्या कीबोर्डात दुसऱ्या कंपनीचा स्विच बसतो. ढोबळ प्रकार तीन. लिनिअर म्हणजे सरळ खाली जाणारा, टॅक्टाइल म्हणजे मध्ये हलका अडथळा जाणवणारा आणि क्लिकी म्हणजे अडथळ्यासोबत टक्क आवाज करणारा. कळ दाबायला लागणारा जोर पाहिला तर चेरीचा लाल स्विच ४५ सेंटीन्यूटनचा, तपकिरी ५५ चा, निळा ६० चा. सेंटीन्यूटन आणि ग्रॅम व्यवहारात एकच धरायला हरकत नाही. लाल स्विचमध्ये कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. तळापर्यंत आपटण्याची गरज नसते, ती सवय सुटली की बोटे संध्याकाळपर्यंत टिकतात.

डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे दिसणारा टीव्हीएस गोल्ड हा निळ्या चेरी स्विचचाच कीबोर्ड. टिकाऊपणात त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण त्याचे स्विच सोल्डर केलेले असतात. एक बिघडला तर जुने कथिल वितळवून काढा, नवा जोडा, अशी खटपट करावी लागते. शिवाय एका खोलीत चार जण निळ्या स्विचवर काम करू लागले की फोनवर बोलणे मुश्कील होते. कार्यालयासाठी टॅक्टाइल किंवा लिनिअर घ्यावा.

नवा कीबोर्ड घेताना ‘हॉट-स्वॅप’ असल्याची खात्री करा. त्यात स्विच खोबणीत नुसते खोचलेले असतात आणि चिमट्याने निघतात. करंगळीवरचा इलाज इथेच सापडतो, कारण सगळ्या कळांना एकाच वजनाचा स्विच असायला हवा असे कुठे आहे? बाकी कीबोर्डवर ५० ग्रॅमचा लिनिअर ठेवून ज, ड, च, ट, य आणि उजवा शिफ्ट या सहा कळांखाली ४० ते ४५ ग्रॅमचा बसवा. दहाची पुडी मिळते, त्यात चार सुटे उरतात. फरक १० ग्रॅमपेक्षा जास्त नको. ‘च’वर करंगळी नुसती टेकलेली असते, फार हलका स्विच असला तर न दाबताच ‘च’ उमटत राहतो. दोन्ही स्विच एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर आवाज आणि स्पर्श वेगळा पडतो.

स्विच बदलण्याआधी केबल काढा. चिमट्याची टोके स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेवरच्या पकडींवर बसवून सरळ वर ओढा. आडवे हलवू नका. नव्या स्विचच्या दोन्ही धातूच्या पिना सरळ आहेत का ते उजेडात पाहा. स्विच बदलल्यावर कळ चालेनाशी झाली तर बहुतेक वेळा पिन वाकून आत दुमडलेली असते. स्विच काढून बारीक चिमट्याने ती सरळ केली की काम होते, पण दोन-तीनदा वाकलेली पिन तुटते. दाब सरळ वरून द्या. कीबोर्ड उघडलेला असेल तर सर्किट बोर्डाला खालून बोटाचा आधार द्या, नाहीतर खोबणीच बोर्डावरून उचकटते आणि मग सोल्डरिंगवाल्याकडे जावे लागते. या खोबण्या साधारण शंभर वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेल्या असतात, हौसेखातर रोज बदलण्यासाठी नव्हे. आणखी एक बाब. काही स्विचना दोन धातूच्या पिना आणि मधल्या खुंटाशिवाय प्लास्टिकचे दोन जादा पाय असतात. बोर्डाला त्यांची छिद्रे नसतील तर ते पाय नेलकटरने सपाट कापले तरी चालतात.

स्विचला ल्यूब, म्हणजे वंगण, लावणे ऐच्छिक आहे, स्टॅबिलायझरला लावणे मात्र जवळपास आवश्यक. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्ट या लांब कळांखाली तारेची एक यंत्रणा असते. कळ कुठेही दाबली तरी सपाट खाली जावी हे तिचे काम. स्वस्त कीबोर्डचा खडखड आवाज तिथूनच येतो. तारेची टोके प्लास्टिकमध्ये शिरतात त्या जागी सुईच्या सिरिंजने डायइलेक्ट्रिक ग्रीसचा थेंब सोडा. त्याने आवाज थांबला नाही तर तार काढून काचेवर ठेवा. ती डुगडुगत असेल तर वाकलेली आहे, हाताने सरळ करून परत बसवा. स्विचसाठी क्रायटॉक्स २०५ जी ० हे ग्रीस वापरतात. पाच ग्रॅमच्या डबीत एक कीबोर्ड होऊन उरतो. शून्य नंबरच्या ब्रशने स्विचमधल्या वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या कडांवर आणि स्प्रिंगच्या टोकांना इतका पातळ थर द्या की प्लास्टिक नुसते ओलसर दिसेल. जास्त झाले की कळ चिखलातून उठल्यासारखी हळू वर येते. टॅक्टाइल स्विचच्या दांड्याचे पाय कोरडेच ठेवावेत, अडथळा तिथेच तयार होतो. क्लिकी स्विचला ल्यूब लावूच नये. खोबरेल, शिलाई मशीनचे तेल, व्हॅसलीन यांतले काहीही नको. ते पसरते, संपर्काच्या पत्तीवर जाते आणि धूळ धरते.

आता सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग, फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर. कीबोर्ड संगणकाला ‘क’ किंवा रोमन ‘के’ असे काही पाठवत नाही, फक्त कोणती कळ दाबली याचा क्रमांक पाठवतो. त्याचे अक्षर संगणकातली मांडणी करते. म्हणून कोणत्याही कीबोर्डवर इनस्क्रिप्ट चालते, वेगळा ‘मराठी कीबोर्ड’ शोधावा लागत नाही. मात्र कळ कोणता क्रमांक पाठवेल हे बदलता आले पाहिजे. त्यासाठी क्यूएमके फर्मवेअर आणि व्हिया हे साधन चालणारा कीबोर्ड घ्या. दोन्ही मोफत आहेत. बदल कीबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत साठतात, त्यामुळे ज्या कार्यालयात सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते तिथेही केबल जोडली की सगळे जसेच्या तसे चालते. केवळ कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेले कीबोर्ड मी टाळायला सांगेन. ते सॉफ्टवेअर बंद पडले की बदल करण्याची सोय संपली.

व्हिया क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये उघडते, फायरफॉक्समध्ये नाही. कीबोर्ड ब्लूटूथवर न ठेवता केबलने जोडा. किक्रॉन कंपनीच्या क्यूएमके कीबोर्डांत पहिले दोन थर (लेयर, म्हणजे कळांच्या कामांचे वेगवेगळे संच) मॅकसाठी आणि पुढचे दोन विंडोजसाठी असतात. विंडोजवर काम करताना पहिल्या थरात बदल केला तर काहीच घडत नाही आणि माणूस कीबोर्ड बिघडला म्हणून परत पाठवतो. बाजूचे बटण विंडोजवर आहे का ते पाहून तिसऱ्या थरात, म्हणजे व्हियात २ क्रमांक दिसतो तिथे, बदल करावा.

तीन बदल मराठीसाठी लगेच करण्यासारखे आहेत. कॅप्स लॉकचा मराठीत उपयोग नाही. तिथे विंडोज आणि स्पेस ही जोडी बसवा, एका दाबात मराठी-इंग्रजी बदलते. दुसरा बदल ‘ऱ्य’चा. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘करणाऱ्या’ अशा शब्दांत तो सतत लागतो. इनस्क्रिप्टमध्ये त्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ दाबावी लागते. व्हियाच्या मॅक्रोत, म्हणजे एका कळीला दिलेल्या दाबांच्या क्रमात, मोठा जे, छोटा डी आणि तिरपी रेघ एवढेच लिहून ते कमी वापराच्या एखाद्या कळीला द्या. मांडणी मराठी असताना ती कळ थेट ‘ऱ्य’ उमटवेल, इंग्रजी असताना मात्र तीच तीन रोमन चिन्हे पडतील.

तिसरा बदल करंगळीला सर्वांत मोठा दिलासा देतो. स्पेसबारच्या लगतची उजवी ऑल्ट कळ अंगठ्याखाली येते. तिला ‘वन-शॉट शिफ्ट’ करा. एकदा दाबून सोडली की पुढचे एकच अक्षर शिफ्टचे उमटते, धरून ठेवावे लागत नाही. मग ‘आणि’चे दोन्ही शिफ्ट अंगठ्यावर जातात. याची एक किंमत आहे. इंग्रजी (भारत) मांडणीत रुपयाचे चिन्ह उजवा ऑल्ट आणि ४ ने येते. तो गेल्यावर विंडोजवर डावे कंट्रोल, ऑल्ट आणि ४ दाबावे लागतील. स्पेसबार धरून ठेवल्यास शिफ्ट व्हावा असाही पर्याय आहे, पण वेगाने टाइप करणाऱ्याला तो त्रास देतो. क्यूएमके मुळात २०० मिलिसेकंदांवरून दाबले की धरले ते ठरवते, त्या गोंधळात शब्दांमधल्या जागा गळतात.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र यातले काहीही अंगवळणी पाडू नये. परीक्षेच्या संगणकावर साधा कीबोर्ड असतो. तिथे मॅक्रो मिळणार नाही.

कीकॅप पीबीटी प्लास्टिकच्या घ्या. एबीएसच्या लवकर गुळगुळीत होऊन चकाकतात. वेगळा संच घेताना आपल्या कीबोर्डच्या उजव्या शिफ्टची आणि खालच्या ओळीची मापे जुळतात का ते तपासा. देवनागरी अक्षरांचा संच दिसला तर रोमन ‘ए’च्या कळीवर काय छापले आहे ते पाहा. ‘अ’ असेल तर तो सजावटीचा, कारण इनस्क्रिप्टमध्ये तिथे ओकार असतो आणि ‘अ’ डीवर शिफ्टसह येतो. आगाऊ पैसे घेऊन काही महिन्यांनी, कधी वर्षाने माल देणाऱ्या ‘ग्रुप बाय’मध्ये कामाच्या कीबोर्डसाठी पैसे अडकवू नयेत.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेत एक दाब आणि दोन अक्षरे हा आजार लवकर दिसतो. संपर्कावर मळ किंवा गंज बसल्याची ती खूण. हॉट-स्वॅप असेल तर तो एकच स्विच शेजारच्या कळीशी अदलाबदल करा. दोष स्विचसोबत गेला तर स्विच बदला. जागेवरच राहिला तर खोबणी पाहा. पावसाळ्यात काम संपल्यावर कीबोर्ड झाकून ठेवा. धूळ-पाण्यापासून संरक्षण असलेले बॉक्स प्रकारचे स्विच किनारपट्टीवर जास्त चांगले.

विक्रेत्यांना आणि घाऊक खरेदी करणाऱ्या कार्यालयांना एक विनंती. दिव्यांच्या रंगसंख्येपेक्षा खोक्यावर आणि निविदेत चार गोष्टी स्पष्ट लिहा: हॉट-स्वॅप आहे का, क्यूएमके-व्हिया चालते का, उजवा शिफ्ट पूर्ण लांबीचा आहे का आणि कीकॅपवर इनस्क्रिप्ट अक्षरे आहेत का.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी