१०१ लावला, घंटी हिशेबखात्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी बावीस वर्षे टेलिफोन बोर्डावर आहे. पूर्वी साहेबांना मुंबईचा फोन हवा असला की ते मला सांगत आणि मी ०२२ लावून जोडून देई. मागच्या वर्षी जुनी ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणारी यंत्रणा, निघाली आणि नवी आली. आता कुणाचा फोन कुठल्या लाईनने बाहेर जायचा हे यंत्रच ठरवते, म्हणजे बसवणाऱ्याने त्यात जे नियम भरले असतील त्याप्रमाणे.

पहिल्या आठवड्यात एकाचाही मोबाईल लागेना. बाहेरच्या लाईनसाठी एक शून्य, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी शून्य लावावेच लागते, ते दुसरे. दोन शून्ये आली की यंत्राला वाटे परदेशी फोन; आणि परदेशी फोन मालक सोडून सगळ्यांना बंद! शेवटी बाहेरच्या लाईनसाठी ९ ठेवला. यावर आम्ही हसलो तरी. पुढचे हसण्यासारखे नाही.

रात्रपाळीला मागच्या शेडमध्ये सुताच्या वेस्टने पेट घेतला. वॉचमनचा मोबाईल खोलीत चार्जिंगला होता, म्हणून त्याने गेटवरच्या फोनवरून १०१ लावला. गेटमागेच हिशेबखाते आहे. कुलूपबंद खोलीत घंटी वाजू लागली. त्याने ठेवला, परत लावला, परत तिथेच. मग पळत जाऊन स्वतःचा मोबाईल आणला आणि आधी फोन केला तो मला! "अक्का, आग लागलीय अन् फोन हिशेबखात्यात वाजायलाय." नशीब, तोवर पाळीतल्या पोरांनी पाइप लावून आग विझवली होती.

झाले असे होते, की आतल्या फोनचे नंबर १०१ पासून सुरू केले होते. १०१ हिशेबखाते, १०८ पॅकिंग, ११२ स्टोअर. अग्निशमन, ॲम्ब्युलन्स, पोलीस तिघेही आमच्याच कंपाउंडात! बसवणारा मुलगा सज्जन होता. "मॅडम, सगळीकडे १०१ पासूनच टाकतो," म्हणाला. मला धास्ती वाटते ती या 'सगळीकडे'ची. बरे, ९ लावून १०१ केला असता तरी गेटचा फोन बाहेर जाणार नव्हताच. बिल वाढू नये म्हणून तो फक्त आतल्या बोलण्यापुरता ठेवला होता.

आता आतले नंबर ३०१ पासून केले आहेत. १००, १०१, १०८ आणि ११२ यांचा नियम यादीत सर्वांत वर आहे: कोणत्याही फोनवरून, ९ न लावता, थेट इथल्या लँडलाईनने बाहेर. लोकल, मोबाईल, एसटीडी हे सगळे त्याच्या खाली. 'इथल्या' असे मुद्दाम म्हणते. ज्यांचे मुख्य ऑफिस पुण्याला आहे आणि सगळे फोन तिथूनच बाहेर पडतात, त्यांनी आपला १०१ कोणत्या शहरात वाजेल हे बसवणाऱ्याला आधी विचारावे.

कारखान्यांची अग्निसुरक्षा तपासणी होते तेव्हा सिलिंडरवरची तारीख बघतात, वाळूच्या बादल्या मोजतात. त्याच फेरीत गेटवरचा फोनही उचलून बघावा, एवढी माझी संबंधितांना विनंती आहे. कारखानदारांनी स्वतः चाचणी घ्यायची असेल, तर अग्निशमन केंद्राला त्यांच्या साध्या नंबरवर आधी कळवावे, आणि १०१ लागल्यावर मुकाट ठेवून न देता "चाचणी आहे" असे सांगावे. आम्ही तसेच केले. दोन घंट्यांत उचलला. वॉचमन शेजारीच उभा होता. त्याने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि स्वतःच्या कानाला लावून पाहिला.

आपली,
एक टेलिफोन ऑपरेटर,
सोलापूर