सूचना : गूगल स्कॉलर प्रोफाइल रविवारपर्यंत तपासून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार.

जैवतंत्रज्ञानात संशोधन करणाऱ्या सर्वांनी गूगल स्कॉलर या संशोधन निबंध शोधण्याच्या साइटवरचं आपापलं प्रोफाइल येत्या रविवारपर्यंत नीट तपासावं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही जा, 'एस. पाटील' डझनाने सापडतात. त्यामुळे द्राक्षावरच्या बुरशीचा निबंध आणि हृदयरोगाचा निबंध एकाच खात्यात जाऊन बसतात. आपले नसलेले निबंध काढून टाका. सायटेशनचा (इतर निबंधांनी दिलेल्या संदर्भांचा) फुगलेला आकडा मुलाखतीत अंगाशी येतो.

२०१४ च्या नोव्हेंबरात बेळगाव शहराचं इंग्रजी नाव अधिकृतपणे बदललं. जुन्या निबंधांवर 'बेलगाम', नव्यांवर 'बेळगावी' असा पत्ता आहे. शोधताना दोन्ही घाला. प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख सांगणारा सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक मोफत मिळतो, तो सर्वांनी काढाच. नावांचा घोळ त्यानेच मिटतो.

प्रोफाइलवर दिसणारा एच-इंडेक्स ८ म्हणजे किमान ८ निबंधांना प्रत्येकी किमान ८ सायटेशन. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेलं हे माप वय आणि विषयानुसार बदलतं, म्हणून पीएचडीच्या मुलांनी ज्येष्ठांशी तुलना करून खचू नये. स्कोपस या निबंधांच्या दुसऱ्या डेटाबेसवरचा आकडा सहसा स्कॉलरपेक्षा कमी दिसतो. अर्जात स्रोत आणि तारीख दोन्ही लिहा.

अडलं तर ग्रुपवर विचारा, सोबत बसून दुरुस्त करू.