कुंदाच्या बँडबद्दल, शैलास

नाशिक,
रविवार, दुपारी

प्रिय शैला,

कुंदा वजन उतरवायला बँड बसवून घेणार आहे. जठराभोवती. दिरांनी तिकडे परदेशात सगळं जुळवून दिलंय: शुक्रवारी भरती, शनिवारी ऑपरेशन, मग चार दिवस हॉटेल आणि पुढच्या आठवड्यात मुंबईला उतरून परत कॉलेज रोडला. पैसे अजून भरलेले नाहीत, म्हणून घाईने लिहितेय. फोनवर हे सगळं सांगायला गेले तर तू मधेच हसवशील आणि निम्मं राहून जाईल.

तुलाच लिहायचं कारण उघड आहे. माझं ती ऐकत नाही. मी ऑपरेशन थिएटरातली सिस्टर, म्हणजे मला नुसती भीती घालता येते, असं तिचं मत. तुझं ऐकते, भांडून का होईना. वणीच्या पायऱ्यांवर तुम्ही दोघी जे बोललात त्यानंतर चार महिने अबोला होता, पण शेवटी तिने केलं तू सांगितलंस तेच. (हिरव्या साडीचं मात्र अजून तुझंच चुकलं, यावर मी आणि कुंदा एकमत आहोत.)

तिच्या डोक्यात तीन वाक्यं बसलीत. काही कापत नाहीत. काही काढून टाकत नाहीत. नको झालं तर बँड काढता येतो. तिन्ही खरी आहेत, म्हणूनच पंचाईत आहे. खोटं असतं तर खोडून काढलं असतं.

आधी वस्तू काय आहे ते ऐक. सिलिकॉनचं कडं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्याच्या जरा खाली, दुर्बिणीतून, जठराभोवती अडकवतात. कड्याच्या वर जठराची इवलीशी पिशवी उरते, 15 ते 30 मिली, म्हणजे एक-दोन मोठे चमचे. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो. त्याची नळी पोटाच्या कातडीखाली येते आणि तिथे स्नायूच्या आवरणाला टाचलेल्या एका चपट्या डबीला जोडतात. ती डबी म्हणजे पोर्ट. कातडीतून पोर्टमध्ये सुई घालून सलाइन भरलं की फुगा फुगतो, वाट अरुंद होते आणि थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. सलाइन काढलं की वाट मोकळी. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठव, फक्त इथे हवेच्या जागी पाणी आणि पंपाच्या जागी सिरिंज.

आता गोम इथे आहे. ऑपरेशन तासाभराचं आणि खरं सांगायचं तर वजनाच्या ऑपरेशनांत जिवाला सगळ्यात कमी धोक्याचं. जठर कापून स्टेपल मारायचे नसतात, त्यामुळे शिवण उसवून गळती होण्याची ती मोठी भीती नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी बँड बहुतेक रिकामाच ठेवतात, कारण सूज असते. पहिलं भरणं साधारण 4 ते 6 आठवड्यांनी. तोवर कुंदा इकडे, गंगापूर रोडला भाजी घेत असणार! पुढे एका वेळी अर्धा-एक मिली, दर वेळी पाण्याचे घोट पाजून ते खाली उतरतंय ना बघायचं, मग काही आठवड्यांनी परत. बँडच्या प्रकाराप्रमाणे त्यात 4 मिलीपासून 14 मिलीपर्यंत मावतं, आणि कुणाला किती लागेल हे भरत भरतच कळतं. पहिल्या वर्षी हे सारखं चालतं. नंतरही बँड आत आहे तोवर तपासणी सुटत नाही.

हे इथे कोण करणार? आपल्याकडचे बॅरिअॅट्रिक म्हणजे वजनाच्या ऑपरेशनांचे सर्जन स्लीव्ह (जठर कापून नळीएवढं करणं) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं) करतात, बँड आता जवळजवळ कुणी बसवत नाही. दुसऱ्याने बसवलेल्या बँडला हात लावायला माणूस कचरतो, आणि त्यात चूकही नाही. शिवाय त्याला वेगळी सुई लागते, ह्यूबरची. साध्या सुईने टोचलं तर पोर्टच्या पडद्याचा बारीक तुकडा निघतो आणि मग तो गळत राहतो. पोर्ट आत उलटलेला असेल तर एक्स-रे स्क्रीनखाली शोधावा लागतो. तिकडच्यांनी चोवीस तास चालणारा फोन नंबर दिलाय म्हणे. फोनवरून सुई टोचता येत असती तर मी केव्हाच घरी बसले असते.

खाण्याचं तर तूच तिला सांग, तुम्ही दोघी एका ताटातल्या. बँडवाल्याने नखाएवढा घास घ्यायचा, पार लगदा होईपर्यंत चावायचा, जेवायला वीस मिनिटं, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, सोडा कधीच नाही. आणि आपली कुंदा? आपली तर्री येईपर्यंत तिची प्लेट पुसून झालेली असते! मिसळीतला पाव हा बँडचा पहिला शत्रू. मऊ पाव ओला झाला की गोळा होतो आणि वाटेत बसतो. तसाच चिकट भात, पोळी, मटण, संत्र्याच्या फोडीची साल, आणि आपल्या द्राक्षांचीही. अडकलं की छातीत दाब येतो, तोंडाला लाळ सुटते आणि घास जसाच्या तसा वर येतो. लग्नाच्या पंगतीत काय शोभा होईल ते सांगायला नको.

याच्या उलट आइस्क्रीम, बासुंदी, श्रीखंड, चॉकलेट सुळकन खाली उतरतं. चिवडासुद्धा, नीट चावला तर. म्हणजे भाजी-पोळी अडकते आणि बासुंदी जाते. मग माणूस नकळत जे जातं तेच खायला लागतो आणि वजन जागचं हलत नाही. बँड घट्ट करून हे सुटत नाही, उलट बिघडतं, कारण जितका घट्ट तितकं धड जेवण कमी. चांगलं चाललेल्यांचंही बँडने जादा वजनाच्या निम्म्याच्या आसपासच उतरतं, स्लीव्ह-बायपासपेक्षा कमी आणि हळू.

मध्येच सांगून टाकते: माझी कंबर आहे तशीच, अण्णांचा मोतीबिंदू झाला, दिसतंय, आता सगळ्यांच्या साड्यांना नावं ठेवतात.

तर बिघाड. सगळ्यात जास्त काळजी मला घसरण्याची आहे. वारंवार उलट्या झाल्या की बँडखालचं जठर कड्यातून वर सरकतं, वरची पिशवी मोठी होते आणि कडं आडवं पडतं. साध्या एक्स-रेतही कळतं. नीट बसलेला बँड तिरका दिसतो, घसरलेला आडवा, नाहीतर चक्क गोल ओ अक्षरासारखा. आधी रात्री आडवं झालं की आंबट पाणी वर येतं, खोकला येतो. मग घन अन्न बंद, मग पाणीही. हे हळूहळू झालं तर वेळ असतो. पण पोटात सतत कळ आणि थुंकीही गिळवत नाही, अशी वेळ आली तर त्याच रात्री दवाखाना. पहिलं काम बँडमधलं सगळं पाणी काढून टाकणं. त्यानेही कळ थांबली नाही तर ताबडतोब ऑपरेशन, कारण अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून जठर मरू शकतं. आता रात्री दोन वाजता एखाद्या कॅज्युअल्टीत, जिथे बँड कुणी पाहिलेला नाही, तिथे काय होईल? अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन सकाळी बघू म्हणतील. त्यांना नावं ठेवत नाही मी. रोज न दिसणारी गोष्ट सुचत नाही.

दुसरा बिघाड गुपचूप येतो. बँड हळूहळू जठराच्या भिंतीत रुतत आत शिरतो. बऱ्याचदा दुखतही नाही. खूण अशी की अचानक भूक पहिल्यासारखी लागते, कितीही खाल्लं तरी जातं, वजन चढतं; किंवा ऑपरेशनला बरेच महिने उलटल्यावर पोर्टवरची कातडी लाल होऊन पू येतो. असा उशिरा आलेला जंतुसंसर्ग नुसत्या अँटिबायोटिकने झाकायचा नसतो, आधी एंडोस्कोपी करून आत डोकवायचं असतं. बँड आत दिसला की तो काढावाच लागतो. आणि गुडघ्यांसाठी कुंदा ज्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाते, त्या जठराच्या अस्तराला आधीच खातात, त्यात भर बँडची. बँड असणाऱ्याने त्या टाळायच्या असतात. तिला हे कुणी विचारलंच नाही. फॉर्मवर औषधांच्या रकान्यात तिने शुगरची गोळी तेवढी लिहिलीय.

बँड फार दिवस घट्ट राहिला तर वरची अन्ननलिकाच फुगते आणि तिची ढकलण्याची ताकद जाते. वेळीच सैल केला तर बहुतेकदा सुधारते, नेहमीच नाही. नळी निसटणं, सुईने भोक पडणं, पोर्ट उलटणं हे किरकोळ म्हणायचं, पण दर किरकोळीला छोटं ऑपरेशन आहेच. वजन भरभर उतरलं तर पित्ताशयात खडे होतात, ते कुठल्याही मार्गाने उतरलं तरी. आणि एक गोष्ट तिच्या मुलाला पाठ करून ठेवायला सांग: उलट्या दोन-तीन आठवडे चालल्या तर शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपतं. अशा वेळी ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, नाहीतर मेंदूवर परिणाम होतो. डोळे फिरतात, तोल जातो, आठवण जाते.

आता ते तिसरं वाक्य, काढता येतो. येतो. पण तोवर बँडभोवती शरीराने जाड कवच बांधलेलं असतं, ते सोडवावं लागतं. काढल्यावर वजन बहुतेकांचं परत येतं. मग स्लीव्ह किंवा बायपास करायचं तर पुष्कळदा दोन टप्प्यांत, मध्ये काही महिने थांबून, आणि व्रणाच्या जागेवर स्टेपल मारायचे म्हणून गळतीचा धोका पहिल्यांदाच केलेल्या ऑपरेशनपेक्षा जास्त. म्हणजे छोटं म्हणून जे करायचं ते एकाची तीन ऑपरेशनं होऊन बसतं. अमेरिकेत 2001 मध्ये बँडला मंजुरी मिळाली, 2011 च्या सुमाराला वजनाच्या ऑपरेशनांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँडच होते, आणि आता शेकड्यात एखादा. तिथले सर्जन काही वेडे नव्हते. दहा वर्षं मागे लागून बघितलं तेव्हा परत टेबलावर येणाऱ्यांची संख्या त्यांना दिसली.

ऑपरेशनच नको असं मी म्हणत नाहीये, हे तिला नीट सांग, नाहीतर ती म्हणेल सुमा जळते. 5 फूट 1 इंच उंचीला 92 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 38 च्या वर, त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8 च्या पुढे. तिला उपचाराची गरजच आहे. आशियाई लोकांसाठी तर 2022 पासून 27.5 बीएमआयलाही विचार करावा असं आंतरराष्ट्रीय संघटना म्हणतात. पण इथे करावं, आणि जे इथले लोक रोज करतात ते. तिला इतकी अॅसिडिटी आहे की स्लीव्हने ती वाढायची, कारण त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग काढून नळी उरते. साखर आणि जळजळ दोन्ही असणाऱ्याला सहसा बायपास बरा. त्याला जन्मभर बी-12, लोह, कॅल्शियम घ्यावं लागतं, तेही तिला आताच कळू दे. आधी एंडोस्कोपी, हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय का, ते बघायला. विम्याच्या नियमात 35 च्या वर बीएमआय आणि आटोक्यात नसलेली मधुमेहाची साखर असेल, आणि साधे उपाय करून झाले असतील, तर हे ऑपरेशन बसू शकतं. पॉलिसी काढून तपासा म्हणावं. तिकडचं सगळं खिशातून. आणि 2025 पासून वजन उतरवायची ती आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनंही आपल्याकडे मिळतात, तेही एंडोक्रायनॉलॉजिस्टला विचारता येईल, खर्च आहे आणि बंद केली की वजन बहुतेकदा परत येतं हे धरून.

तिला तू भांडू नकोस. चार प्रश्न विचार फक्त. बँड कुठल्या कंपनीचा, किती मिलीचा? नाशिकात सुई कोण टोचणार, त्याचं नाव? काढायची वेळ आली तर तिकीट आणि खर्च कुणाचा? गुडघ्याला काय घेणार? पहिल्या प्रश्नालाच ती माझ्याकडे फॉर्म शोधत येईल, मला खात्री आहे. आणि एवढं करूनही गेलीच, तर बँडचं नाव, माप आणि आत किती मिली आहे हे लिहिलेलं कार्ड पर्समध्ये ठेवायला लाव.

मुक्ताच्या अॅडमिशनचं काय झालं? भावजींची बदली रद्द झाली असं वहिनी म्हणाल्या, खरं का? तुझ्या सासूबाईंना नमस्कार. सिंहस्थाच्या कामांनी इथले रस्ते उकरून ठेवलेत, येशील तेव्हा रिक्षावाल्याला नाशिकरोडहून कुठल्या वाटेने आणायचं ते आधी मला विचार.

कुंदाला फोन रात्री नऊनंतर कर, मालिका संपलेली असते. बुधवारच्या आत. गुरुवारी ती आगाऊ रक्कम पाठवणार आहे.

तुझी,
सुमा