वनरक्षक ताईंना जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय वनरक्षक ताई,

सप्रेम नमस्कार.

आपली बदली झाल्याचे गेल्या आठवड्यात समजले आणि आपले आभार मानायचे राहूनच गेले याची रुखरुख लागली. नवा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

गेल्या माघात पंधरा दिवसांत माझ्या सात गावरान कोंबड्या गेल्या. पुरंदरच्या डोंगराळ भागातल्या आमच्या वस्तीवर कोंबड्या म्हणजे घरच्या बाईच्या हातातला पैसा. अंड्यांवर मुलांच्या वह्या येतात आणि अडीनडीला एखादा कोंबडा विकला की दवाखान्याचा खर्च निघतो. ओढ्याच्या कड्यावरून रोज तिन्हीसांजेला शृंगी घुबडाचे घुमणे ऐकू येत असल्याने मी सगळा दोष त्याच्यावर टाकला आणि मेलेल्या कोंबडीत विष घालून ती शेवग्याखाली ठेवायचे ठरवले. माझ्या भाचीने वेळीच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आलात.

आल्या आल्या आपण कायद्याचा धाक घातला असता, तर मी मान डोलावून रात्री मनातले तेच केले असते. आपण आधी उकिडव्या बसून पिसे वेचलीत. शेवग्याखालचे एक पीस माझ्या तळहातावर ठेवून त्याचा देठ मुळापर्यंत शाबूत असल्याचे दाखवलेत. खुराड्यातल्या पिसांचे देठ मात्र चावून तुटलेले होते. शिकारी पक्षी पिसे उपटतो, दातांचे जनावर ती चावून तोडते, हे मला वयाच्या पन्नाशीत प्रथमच कळले. झाडावर रात्र काढणाऱ्या चार कोंबड्या घुबडाने एकेक करून नेल्या असाव्यात, पण एका रात्रीत खुराड्यातल्या तिघींना मारणारे रानमांजर कुजक्या फळीखालून शिरले होते, आणि ती फळी दोन वर्षे मीच बदलली नव्हती.

मग कड्याखाली पडलेली, घुबडाने ओकून टाकलेली करडी गोळी आपण वर्तमानपत्रावर काडीने उलगडलीत. केसांच्या गुंत्यातून उंदरांचे तीन जबडे निघाले, नारिंगी दातांसकट. आमच्या वाटाण्याच्या वाफ्यांत हेच उंदीर धुमाकूळ घालतात, त्यामुळे त्या दातांकडे बघत मी बराच वेळ गप्प राहिले. घुबड मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपण जाता जाता सांगितलेत. तोवर विषाची पुडी मी आपल्या हाती दिली होती.

आपण सांगितलेले एकेक काम आम्ही केले. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही आणि झाडावर बसलेली कोंबडी पळूनही जाऊ शकत नाही, म्हणून दिवस मावळण्याआधी सगळ्या आत घेऊन कडी लावते. पहिले आठ दिवस शेवग्यावरून एकेक उतरवावी लागली, पुढे दाण्याच्या आशेने त्या आपणहून येऊ लागल्या. खुराड्याला अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी चारही बाजूंनी आणि वरून ठोकली, खाली ती फूटभर जमिनीत गाडली. मासेमारीचे जुने जाळे वर ताणण्याचा माझा विचार आपण मोडून काढलात, कारण त्यात घुबडाचे पंख अडकतात. दिवसा शिक्रा आणि घार पिलांवर झडप घालतात, त्यासाठी तुरकाट्यांचा बुटका मांडव घालून त्यावर दोडक्याचा वेल चढवला. कोंबडीने धोक्याचा आवाज काढला की पिले आता थेट त्याखाली घुसतात. घारीला बुजवायला चमकणाऱ्या जुन्या सीडी-तबकड्या मी तरीही टांगल्या होत्या. आपण म्हणाला होतात तसे चार दिवसांत घार त्यांना सरावली. श्रावणात खुडूक बसवलेल्या कोंबडीखाली अकरा पिले निघाली. एक आजाराने गेले, बाकीची दहा मोठी झाली.

एक गोष्ट मात्र आपल्याला कळायलाच हवी. दिवाळीच्या अमावास्येआधी दोन अनोळखी माणसे वस्तीवर येऊन घुबड कुठे बसते, असे विचारत होती आणि पैसेही देऊ करत होती. अमावास्येच्या अघोरी पूजेत बळी द्यायला त्यांना घुबड हवे असणार, हे सगळ्यांनीच ओळखले. ओढ्याचा कडा त्यांना कोणीही दाखवला नाही आणि माझ्या भाचीने लगेच पुन्हा 1926 फिरवला. त्या रात्रीही कड्यावरून घुमण्याचा आवाज आला.

आपली ऋणी,
पुरंदर तालुक्यातील एक कोंबडीपालक