आई, वाटाणे शिजले

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो आपण, तरी हे पत्र लिहितेय. आई, मागच्या वेळच्या त्या न शिजलेल्या वाटाण्यांचं फोनवर काढलं की तू "असू दे गं" म्हणतेस आणि बाबांच्या गुडघ्यावर जातेस. मला ते असू द्यायचं नाही.

काल रविवारी तू इथे लंडनला ठेवून गेलेला काळ्या वाटाण्यांचा डबा काढला. रात्रभर भिजवले होते. कुकरला चार शिट्ट्या केल्या आणि एक वाटाणा चिमटीत धरून दाबला, तर लोण्यासारखा फुटला. गॅस बंद करून तशीच ओट्याशी उभी राहिले. मागच्या मे महिन्यातली ती संध्याकाळ आठवली. नऊ शिट्ट्या होऊनही वाटाणे खड्यासारखे होते. त्याच्या आदल्या दिवशी वरणाचंही तेच, डाळ तळाशी आणि पाणी वर. सकाळच्या चहावर रोज तवंग यायचा, तू तो ओतून परत टाकायचीस. त्या संध्याकाळी तू हळूच म्हणालीस, "माझ्या हातात आता काही राहिलं नाही." आणि मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, "अगं, कुकर जुना आहे." त्यानंतर परत जाईपर्यंत तू माझ्या स्वयंपाकघरात भीत भीत वावरलीस. आधी मीठ विचारायचीस, मग पाणी विचारायचीस. चाळीस वर्षं घर जेवू घातलेल्या माझ्या आईने मला मीठ विचारावं!

आई, तुझा हात होता तसाच आहे. दोष इथल्या नळाच्या पाण्याचा होता, आणि हे तेव्हाच शोधून तुला सांगायला हवं होतं. मला माफ कर.

बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. देवरुखला विहिरीनं तळ गाठला त्या वर्षी लॉन्ड्रीसाठी बोअरचं पाणी आणलं होतं, आठवतं? तुम्ही औषधाच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी घेतलं, साबणाचा कीस टाकला आणि खळखळून हलवलं. फेस धरलाच नाही, नुसता पांढरा साका तरंगत राहिला. "हे पाणी साबण खातंय," म्हणालात आणि कपड्यांआधी हौदात धुण्याचा सोडा घातलात. शाळेत पुढे ‘दुष्फेन पाणी’ हा शब्द आला तेव्हा वर्गात मला एकटीलाच तो आधीपासून ठाऊक होता. लंडनचं पाणी तसलंच आहे, फक्त ते बोअरचं नाही, सगळ्या शहराच्या नळाला येतं.

आपल्याकडचा पाऊस जांभ्यातून झिरपतो. जांभ्यातला चुना पावसाने लाखो वर्षांत धुऊन नेलाय, म्हणून आपल्या विहिरीच्या पाण्यात अंगाचा साबण सुटता सुटत नाही. लंडनच्या खाली आणि भोवतालच्या टेकड्यांत खडूचा दगड आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि तो खडू विरघळवत जातं. टेम्स नदी उगम पावते तीसुद्धा चुनखडीच्या प्रदेशात. मग पाणी तापवलं की तो वायू निघून जातो आणि विरघळलेला खडू परत दगड होतो. आई, किटलीच्या तळाशी जे तू घासत बसायचीस ना, तो माझा आळस नव्हता. तो हाच दगड. आता महिन्यातून एकदा लिंबूसत्वाच्या पाण्यात उकळी काढते, घासावं लागत नाही.

डाळीचं कोडं मला गणपतीत सुटलं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. तिथे वाढायला मदत करताना एका काकूंना सहज म्हटलं की आईकडून वाटाणे शिजेनात. त्या म्हणाल्या, "आईचं काय घेऊन बसलीस, नळाच्या पाण्यात भिजवलेस ना?" त्यांनी सांगितलं ते मी नंतर वाचून पडताळलं. पाण्यातलं कॅल्शियम कडधान्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या द्रव्याला, धरून बसतं, मग साल आणि आतला गर मऊच पडत नाही. चिमूटभर खायचा सोडा घातला तर शिजतं, पण जास्त झाला की चव जाते आणि ब जीवनसत्त्वही कमी होतं. म्हणून काकू पाणी आधी उकळून गार करतात, साका तळाशी बसू देतात आणि वरचं निवळ घेतात. मी गाळणीचा जग आणलाय, त्याचं कार्ट्रिज दर महिन्याला बदलावं लागतं. कालचे वाटाणे त्याच पाण्यात भिजवले आणि त्याच पाण्यात शिजवले. चहावरचा तवंगही गेला. इथल्या दुकानांत जड पाण्यासाठी म्हणून वेगळा चहा मिळतो, यावरून समज, हा त्रास काही आपल्या घरापुरता नाही.

बाबा, आता तुमच्याबद्दल. तुम्ही त्या दोन महिन्यांत पाणी फार कमी प्यायलात. पेल्यात पांढरे कण दिसले की ठेवून द्यायचात, पुन्हा मुतखडा होईल म्हणून. मला ते कळलं तुम्ही गेल्यावर, आईकडून. माझ्या घरात तुम्ही तहानलेले राहिलात हे मनातून जात नाही. ते कण म्हणजे किटलीतला तोच चुना. लंडनच्या बहुतेक भागात लिटरमागे 200 मिलिग्रॅमहून जास्त कठीणपणा, म्हणजे विरघळलेला चुना, निघतो. आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक 200 ला चांगलं म्हणतं आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्यासाठी म्हणून कठीणपणाला मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याला खरं निमंत्रण कमी पाणी पिण्यानं मिळतं. पुढच्या वेळी तुमच्या उशाशी गाळलेल्या पाण्याचा तांब्या मी स्वतः भरून ठेवणार आहे, आणि रात्री तो रिकामा झालेला मला बघायचाय.

सगळ्या घराला पाणी मऊ करणारं यंत्र बसवावं असं आम्हाला वाटलं होतं, छोटीच्या कोपरांवरच्या खाजेसाठी. पण इथे 336 मुलांवर झालेली एक चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. त्यांच्या एक्झिम्याला, म्हणजे खाजऱ्या त्वचारोगाला, नेहमीच्या उपचारांपेक्षा अशा यंत्राने जास्त फरक पडला नाही. शिवाय ते यंत्र कॅल्शियम काढून बदल्यात सोडियम सोडतं, बाबांच्या रक्तदाबाला ते पिणं नको. तेव्हा तो खर्च रद्द. छोटीला साबण बंद केलाय आणि अंघोळीनंतर ओल्या अंगावरच मलम चोळतो. आधीपेक्षा बरी आहे, झोपते.

टॉवेल मात्र खरखरीतच वाळतात. इथल्या पावडरीच्या खोक्यावर मऊ पाण्याला किती आणि जड पाण्याला किती, असं वेगवेगळं माप छापलेलं असतं आणि मी इतकी वर्षं ते न वाचता टाकत होते. लॉन्ड्रीवाल्याची मुलगी असून! ग्लासगोचं पाणी 1859 पासून कॅट्रिन सरोवरातून येतं, आपल्यासारखं मऊ. तिथल्या मैत्रिणीकडे अंघोळ केली तेव्हा किती वेळ तरी साबण सुटेना आणि मला एकदम आपली न्हाणी आठवली.

मेमध्ये याच. व्हिसाचे कागद मी बघते. आई, वाटाणे संपत आलेत, किलोभर आण, कुळीथही आण, आणि या वेळी मीठ-पाणी कुणाला विचारायचं नाही. बाबा, तुम्ही विहिरीच्या पाण्याची एक लहान बाटली नीट बूच लावून मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून टाका. साबणाचा कीस मी काढून ठेवते. छोटीला दोन बाटल्या हातात देऊन तुमचा तो प्रयोग तुमच्याकडूनच बघायचाय.

तुमची,
लेक